आधी विचारा, कशाऐवजी?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. आहाराबद्दलचं संशोधन दर आठवड्याला उलटसुलट का बोलतं, हा पहिला. जे आरोग्याला चांगलं ते पर्यावरणालाही चांगलं असतं का, हा दुसरा. आणि पाकिटावर 'पर्यावरणस्नेही', 'नैसर्गिक' असं छापलेलं असतं त्याला किती किंमत द्यायची, हा तिसरा. आहारविषयक अभ्यासांची छाननी करून त्यांच्या आधारे लोकांना काही सांगता येईल का हे ठरवणं, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्यामुळे पहिल्या प्रश्नावर जरा जास्त बोलेन, ते चालवून घ्या. मात्र तिन्ही उत्तरं एकाच ठिकाणी येऊन ठेपतात. एखादी वस्तू चांगली की वाईट हे ती कशाऐवजी खाल्ली, वापरली किंवा विकत घेतली यावर ठरतं. हा तपशील नसेल तर मोठ्यात मोठा अभ्यासही खरेदीपुरतं तुम्हाला काही सांगू शकत नाही.

संपृक्त मेद घ्या, म्हणजे लोणी, चीज, मांसाची चरबी, पाम तेल यांत भरपूर असतो तो. २०१० आणि २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेले दोन मोठे आढावे प्रसिद्ध झाले. संपृक्त मेद जास्त खाणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो, असं त्यांत ठळकपणे दिसलं नाही. लगेच 'लोण्याची निर्दोष मुक्तता' अशा थाटाचे मथळे झळकले. मग इतकी वर्षं डॉक्टर सांगत होते ते खोटं होतं का? २०१५ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिका आणि पुरुष आरोग्य व्यावसायिक यांच्या दोन दीर्घकालीन पाहण्यांची माहिती वेगळा प्रश्न घेऊन तपासली गेली. रोजच्या ऊर्जेतला ५ टक्के वाटा संपृक्त मेदातून येण्याऐवजी दुसऱ्या कशातून आला तर काय होतं, हा तो प्रश्न. तो वाटा बहुअसंपृक्त मेदातून, म्हणजे सोयाबीन, सूर्यफूल यांसारख्या तेलांतून किंवा अक्रोडासारख्या फळांतून आला, तर हृदयविकाराचा धोका २५ टक्क्यांनी कमी दिसला. अख्ख्या धान्यातून आला तर ९ टक्क्यांनी. मैदा आणि साखर यांतून आला तर फरकच नाही. आता आधीच्या आढाव्यांचं कोडं सुटतं. लोणी कमी खाणाऱ्या बहुतेकांच्या ताटात त्याची जागा मैद्यानं आणि साखरेनं घेतली होती. एक वाईट काढून दुसरं वाईट घातलं, बेरीज शून्य. दोन्ही प्रकारचे अभ्यास आपापल्या प्रश्नाला बरोबर उत्तर देत होते. पहिल्यांनी विचारलेला प्रश्नच अर्धा होता.

बातमी वाचताना मी स्वतः पहिल्यांदा हेच शोधते. 'अंडी खाल्ल्याने धोका वाढतो' हे वाक्य मला अपुरं वाटतं. अंड्यांच्या जागी दुसऱ्या गटाने काय खाल्लं? मूळ निबंधात याचं उत्तर नसेल, तर तो निबंध कितीही लोकांवर केलेला असला तरी त्यावरून माझं ताट मी बदलत नाही.

दुसरी अडचण मोजमापाची आहे आणि ती बाहेरच्यांना सहसा कळत नाही. लोक काय खातात हे आम्हाला बहुधा त्यांनाच विचारून कळतं. 'गेल्या वर्षभरात तुम्ही अमुक पदार्थ किती वेळा खाल्ला' अशी लांबलचक प्रश्नावली असते. ती भरून पाहा एकदा, प्रामाणिक माणसाचीही तारांबळ उडते. याची पडताळणी करायची एक सुंदर पद्धत आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची जड समस्थानिकं, म्हणजे त्याच मूलद्रव्यांचे जरा जास्त वजनाचे अणू, असलेलं पाणी माणसाला प्यायला द्यायचं आणि ती शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात ते लघवीच्या नमुन्यांत मोजायचं. त्यावरून माणसाने खरोखर किती ऊर्जा खर्च केली ते कळतं, आणि वजन स्थिर असेल तर तेवढीच ऊर्जा त्याने खाल्ली असणार. अमेरिकेत ४८४ प्रौढांवर केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात पुरुषांनी प्रश्नावलीत आपलं खाणं ३१ ते ३६ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं, स्त्रियांनी ३४ ते ३८ टक्क्यांनी. आदल्या दिवशीचं खाणं विचारलं तेव्हा चूक कमी होती, पण होतीच. इतक्या डळमळीत मोजमापावर '७ टक्के जास्त धोका' असा निष्कर्ष उभा असेल, तर त्या सातामधले किती टक्के खरे आणि किती प्रश्नावलीचे, हे सांगणं अवघड. धोका दुप्पट-तिप्पट दिसत असेल तर गोष्ट वेगळी.

त्यातच संख्याशास्त्राचा सापळा. २०१३ मध्ये दोन संशोधकांनी पाककृतींच्या एका पुस्तकातून ५० घटकपदार्थ यदृच्छेने निवडले आणि त्यांचा कर्करोगाशी संबंध जोडणारे निबंध शोधले. ४० पदार्थांबद्दल निबंध सापडले. बहुसंख्य निबंधांचं म्हणणं होतं की हा पदार्थ धोका वाढवतो किंवा कमी करतो. एकाच पदार्थाबद्दल दोन्ही बाजूंचे निबंध मिळाले. सगळे अभ्यास एकत्र केल्यावर मात्र बहुतेक परिणाम विरघळून गेले. तुम्हाला दर आठवड्याला उलटसुलट ऐकू येतं ते यातूनच. एकेकटा, लहान, काहीतरी वेगळं सापडलेला अभ्यास बातमी होतो. अनेक अभ्यास जुळून आल्याची बातमी कोणी करत नाही. आणि दोष फक्त पत्रकारांचा नाही बरं का. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांच्या ४६२ प्रसिद्धिपत्रकांची तपासणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ४० टक्के पत्रकांमध्ये मूळ निबंधापेक्षा फुगवलेला सल्ला होता आणि प्राण्यांवरच्या संशोधनाबाबत ३६ टक्के पत्रकांनी ते माणसांना लागू असल्यासारखं मांडलं होतं. हवा संशोधकांच्याच दारात भरली जाते.

निरीक्षणातून आलेला निष्कर्ष प्रयोगात कसा कोसळतो याचा सगळ्यांत कडू धडा बीटा-कॅरोटिनचा, म्हणजे शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं त्या भाज्यांतल्या नारिंगी द्रव्याचा. गाजर, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, हे अनेक पाहण्यांत दिसलं होतं आणि श्रेय बीटा-कॅरोटिनला दिलं गेलं. मग फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून काहींना बीटा-कॅरोटिनची गोळी, काहींना निष्प्रभ गोळी. १९९४ मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. भाज्या खाणारा माणूस धूम्रपान कमी करतो, व्यायाम जास्त करतो, हे एक कारण सगळे सांगतात. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भाजी ताटात येते तेव्हा दुसरं काहीतरी ताटातून जातं. गोळी कशाचीच जागा घेत नाही, ती वर चढवली जाते. आहाराबद्दलच्या चाचण्या आणि दीर्घकालीन पाहण्या यांची तुलना २०२१ मध्ये ९७ जोड्या लावून केली गेली, तेव्हा एरवी दोन्हींचे निष्कर्ष बऱ्यापैकी जुळले. मोठी तफावत मुख्यतः तिथे होती जिथे पाहणी अन्नातल्या पोषकद्रव्याची होती आणि चाचणी गोळीची. म्हणून 'निरीक्षणात्मक अभ्यास म्हणजे कचरा' असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. तंबाखूबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते बहुतांश निरीक्षणातूनच आलेलं आहे.

चांगला प्रयोग कसा असतो, तेही पाहा. चीनमध्ये ६०० गावांतल्या २०,९९५ लोकांवर एक चाचणी झाली, निकाल २०२१ मध्ये आला. हे लोक पूर्वी पक्षाघात होऊन गेलेले, किंवा वय ६० च्या पुढे आणि रक्तदाब वाढलेला, असे होते. निम्म्या गावांत नेहमीचं मीठ चालू राहिलं, निम्म्या गावांत त्याऐवजी असं मीठ दिलं ज्यात सुमारे ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड होतं. जवळपास पाच वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले, मृत्यू १२ टक्क्यांनी. स्वयंपाक तोच, सवय तीच, डब्यातली वस्तू बदलली. 'कशाऐवजी' हे इथे चाचणीच्या रचनेतच ठरलेलं होतं आणि मोजला तो पक्षाघात, रक्तातला एखादा आकडा नव्हे. एक सावधगिरी: मूत्रपिंडाचा गंभीर आजार असणाऱ्यांना आणि पोटॅशियम वाढवणारी औषधं घेणाऱ्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं, तेव्हा त्यांनी असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

लहान अभ्यासही कामाचा असू शकतो, त्याला काय विचारता यावर ते अवलंबून आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी फक्त २० माणसांना संशोधन रुग्णालयात ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त जेवण, म्हणजे घरच्या स्वयंपाकात नसणारे घटक घालून कारखान्यात बनवलेलं, दोन आठवडे साधं. समोर ठेवलेल्या ताटातली ऊर्जा, साखर, मेद, तंतू दोन्हीकडे जुळवलेले आणि हवं तेवढं खायची मोकळीक. अतिप्रक्रियायुक्त जेवणाच्या काळात माणसं दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती आणि त्यांचं वजन साधारण ०.९ किलोने वाढलं. दुसऱ्या काळात तेवढंच घटलं. वीसच माणसं, पण खाल्लेलं सगळं वजन करून मोजलेलं. दहा वर्षांनी काय होतं हे यातून कळत नाही आणि नेमका कुठला गुणधर्म जास्त खायला लावतो तेही नाही. शिवाय 'अतिप्रक्रियायुक्त' हा गटच मोठा आहे. ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेरो यांच्या गटाने केलेल्या वर्गीकरणात साखरेची पेयंही त्यात येतात आणि अख्ख्या धान्याचा कारखान्यात भाजलेला पावही येऊ शकतो. मोठ्या पाहण्यांत धोका मुख्यतः गोड पेयं आणि सॉसेज, हॅमसारखं प्रक्रिया केलेलं मांस यांच्याकडे बोट दाखवतो, त्या पावाकडे नाही. सकाळचा तो पाव सोडण्याआधी त्याच्या जागी काय येणार ते पाहा.

टक्क्यांबद्दल थोडंसं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, जिथे तंबाखूही आहे. तो गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही. आकार असा: रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. ज्या समाजात १०० पैकी ६ जणांना आयुष्यात कधीतरी हा कर्करोग होतो, तिथे रोज तेवढं खाणाऱ्या १०० जणांत तो साधारण ७ जणांना होईल. १८ ऐकून दचकायला होतं, ६ चे ७ ऐकून विचार करता येतो. मी तरी ते मांस रोज खाणाऱ्याला कमी करायला सांगेन, महिन्यातून एकदा खाणाऱ्याची झोप उडवणार नाही.

पैसा कोणाचा, हेही पाहायलाच हवं. शीतपेयं, फळांचे रस आणि दूध यांवरच्या निबंधांचा एक आढावा २००७ मध्ये आला. संपूर्ण खर्च उद्योगाने केलेल्या निबंधांचा निष्कर्ष उद्योगाच्या बाजूचा असण्याची शक्यता, उद्योगाचा पैसा नसलेल्या निबंधांच्या तुलनेत, सुमारे चार ते आठ पट होती. यात आकडे खोटे लिहावे लागत नाहीत. तुलनेसाठी सोयीचा प्रतिस्पर्धी निवडला की काम होतं. आपला रस पाण्याशी न तोलता साखरेच्या पेयाशी तोलायचा, एवढंच.

आता पर्यावरणाकडे. इथे वस्तूचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशोब मांडतात, त्याला जीवनचक्र मूल्यांकन म्हणतात. आहाराच्या बाबतीत सर्वांत जास्त वापरला जाणारा हिशोब जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांचा, २०१८ चा: ११९ देशांतली सुमारे ३८,७०० शेतं, ४० खाद्यपदार्थ. मानवी हरितगृह वायूंपैकी २६ टक्के अन्नातून येतात, असं त्यांनी काढलं. मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या मांसातून १०० ग्रॅम प्रथिनं मिळवायची तर सरासरी ५० किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे वायू सुटतात, वाटाण्यातून मिळवायची तर ०.४ किलो. अन्नाच्या एकूण वायूंत वाहतुकीचा वाटा जेमतेम ६ टक्के, आवेष्टनाचा, म्हणजे पॅकिंगचा, ५. म्हणजे 'जवळचंच खावं' हा सल्ला हवामानापुरता फारसं वजन धरत नाही. काय खाता हे कुठून आलं यापेक्षा कितीतरी मोठं ठरतं. अपवाद विमानाने येणाऱ्या नाशवंत मालाचा, पण अन्नाच्या एकूण वाहतुकीत त्याचा वाटा नगण्य आहे. जवळच्या शेतकऱ्याकडून घेण्याची इतर चांगली कारणं असतील, ती जरूर असू द्या.

या हिशोबांत फसायची जागा म्हणजे मोजायचं एकक. २०१५ च्या अखेरीस एक बातमी गाजली: लेट्यूसची पानं खाल्ल्याने बेकनपेक्षा, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसापेक्षा, तिप्पट हरितगृह वायू सुटतात. आकडा खोटा नव्हता, तो दर कॅलरीमागे काढलेला होता. पानांत कॅलरी जवळपास नसतातच, मग भागाकार फुगणारच. पण बेकनमधून मिळणारी ऊर्जा भरून काढायला किलोकिलोने पानं चावणारा माणूस कोणी पाहिला आहे? जो पदार्थ जे देण्यासाठी खाल्ला जातो ते एकक धरावं. कडधान्यं, मांस, अंडी यांना प्रथिनांवर तोला, धान्यं आणि कंद यांना ऊर्जेवर.

पिशव्यांचंही तेच. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ मध्ये दुकानातल्या पिशव्यांची तुलना केली. मोजपट्टी होती दुकानात मिळणारी साधी प्लास्टिकची पिशवी, जी नंतर कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून वापरली जाते. केवळ हवामानाचा विचार केला तर तिची बरोबरी करायला सुती पिशवी ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, ओझोन वगैरे सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा, आणि कापूस सेंद्रिय असेल तर २०,००० वेळा, कारण तसा कापूस पिकवायला जमीन जास्त लागते. हे आकडे पाहून प्लास्टिककडे परतायची घाई नको. समुद्रात, नाल्यात जाणारा कचरा या हिशोबात धरलेलाच नव्हता. जिथे कचरा नीट गोळा होत नाही तिथे उत्तर बदलेल. माझा सल्ला रटाळ आहे: घरात आहे ती पिशवी, कशाचीही असो, फाटेपर्यंत वापरा. दर समारंभात फुकट मिळणारी नवी सुती पिशवी घरी आणणं हे पर्यावरणासाठी काही केल्यासारखं नाही.

तुमचा दुसरा प्रश्न: आरोग्य आणि पर्यावरण हातात हात घालून चालतात का? बहुतेक वेळा हो. २०१९ मध्ये १५ खाद्यगटांची पाच आरोग्यविषयक आणि पाच पर्यावरणीय निकषांवर एकत्र तुलना झाली. अख्खी धान्यं, फळं, भाज्या, कडधान्यं, कवचाची फळं दोन्हीकडे चांगली निघाली, लाल आणि प्रक्रिया केलेलं मांस दोन्हीकडे वाईट. पण जोडी तुटते तिथे लक्ष द्या. साखरेची पेयं पर्यावरणावर फार भार टाकत नाहीत, शरीरावर टाकतात. मासे शरीराला चांगले, पण पर्यावरणावरचा भार कुठला मासा आणि कसा पकडला किंवा वाढवला यावर जातो. उलट बाजूने, प्राणिजन्य पदार्थ पूर्ण सोडले तर बी १२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, ते गोळीतून किंवा मुद्दाम मिसळलेल्या पदार्थांतूनच घ्यावं लागतं. लोह, जस्त, कॅल्शियम यांचंही गणित बिघडू शकतं, विशेषतः वाढत्या मुलांत आणि मासिक पाळीच्या वयातल्या स्त्रियांत. 'ईट-लॅन्सेट' या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या आयोगाने २०१९ मध्ये माणूस आणि पृथ्वी दोघांसाठी म्हणून जो आहार सुचवला, त्यावर पुढे नेमकी हीच टीका झाली. आणखी एक टीका अशी की तो आहार १५८ कोटी लोकांच्या ऐपतीबाहेर होता. ज्याच्या ताटात मुळातच कमी आहे त्याला 'अंडं सोड' म्हणणं विज्ञानाला धरून नाही.

२०१९ मध्येच उलटी गंमत घडली. दुसऱ्या एका तज्ज्ञगटाने तोच लाल मांसाबद्दलचा पुरावा तपासला, त्याची खात्री कमी प्रतीची ठरवली आणि प्रौढांनी आहे तेवढं मांस खाणं चालू ठेवावं अशी बहुमताने सौम्य शिफारस केली. गदारोळ झाला. त्या गटाने पर्यावरणाचा मुद्दा जाणूनबुजून बाहेर ठेवला होता आणि तसं लिहिलंही होतं. पुरावा एकच, पण तराजूत काय घालायचं हे वेगळं ठरलं की निकाल वेगळा. तज्ज्ञांत मतभेद दिसले की बऱ्याचदा ते आकड्यांवर नसतात, या निवडीवर असतात.

सेंद्रिय मालाबद्दल थोडक्यात. कीटकनाशकांचे अंश कमी असतात, हे खरं. पोषण ठळकपणे जास्त असतं, याचा पुरावा कच्चा. उत्पादन सरासरीने कमी येत असल्यामुळे तेवढ्याच धान्याला जमीन जास्त लागते. सेंद्रिय आणि साधी भाजी यांत घोळत बसून भाजीच कमी घेतली जाणार असेल, तर साधी भाजी घ्या आणि धुऊन खा.

लोकांचं वागणं कशाने बदलतं, यावरचं संशोधन आमच्या क्षेत्रातलं सगळ्यांत ठिसूळ आहे हे आधी कबूल करायला हवं. ताट लहान केलं की माणूस कमी खातो, यासारख्या निष्कर्षांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका अमेरिकी प्रयोगशाळेचे सहा निबंध २०१८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिक समूहाने एकाच वेळी मागे घेतले. २०२२ मध्ये अशा 'हळूच ढकलण्या'च्या, म्हणजे सक्ती न करता निवड वळवण्याच्या, उपायांचा एक मोठा आढावा आला, परिणाम चांगला दिसला. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने तीच माहिती घेतली, अयशस्वी प्रयोग छापलेच जात नाहीत यासाठी दुरुस्ती केली आणि परिणाम जवळपास उरला नाही. तरीही काही गोष्टी टिकतात. केंब्रिज विद्यापीठाच्या उपाहारगृहांत जेवणाच्या पर्यायांतले शाकाहारी पर्याय चारांत एकावरून चारांत दोन केले, तेव्हा शाकाहारी जेवणांची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली, एकूण विक्री फारशी हलली नाही. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, मेद जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, जाहिरातींवरही बंधनं आणली. जास्त साखरेच्या पेयांची खरेदी जवळपास २४ टक्क्यांनी घटली. दोन्हीकडे लोकांना उपदेश कमी आणि समोरचे पर्याय वेगळे होते. घरातही हेच करता येतं: निर्धार कमी, आणि घरात येणाऱ्या वस्तूंची यादी वेगळी. रोज किंवा आठवड्याला घेता त्या पाच-सात वस्तूंवर डोकं लावा, सणासुदीच्या खरेदीवर नको. आणि आणलेलं संपवा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या हिशोबानुसार २०२२ मध्ये ग्राहकापर्यंत पोचलेल्या अन्नापैकी १९ टक्के वाया गेलं, त्यातलं सुमारे ६० टक्के घरांतून. हे कमी करायला कोणत्याही नव्या अभ्यासाची वाट पाहायला नको.

पाकिटावरच्या दाव्यांचं सांगते. युरोपियन आयोगाने २०२० मध्ये तपासलेल्या पर्यावरणविषयक दाव्यांपैकी ५३ टक्के मोघम, दिशाभूल करणारे किंवा निराधार होते. 'हिरवं', 'नैसर्गिक', 'पृथ्वीसाठी चांगलं' हे मी वाचतच नाही. '३० टक्के कमी प्लास्टिक' वाचते, पण ते आधीच्या पाकिटापेक्षा की प्रतिस्पर्ध्याच्या, आणि पाकिटाच्या आतला माल तेवढाच राहिला का, हे पाहते. 'कार्बन न्यूट्रल', म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य, असं लिहिलेलं असेल तर कारखान्यातलं उत्सर्जन घटवलं की दुसरीकडे झाडं लावल्याची पावती फाडली, ते शोधते. युरोपियन संघात मोघम दावे आणि अशा पावत्यांवर बेतलेले दावे यांना बंदी घालणारे नियम २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू व्हायचे आहेत. तोवर, आणि इतरत्र, स्वतंत्र संस्थेचं प्रमाणपत्र आणि त्याचा नेमका निकष छापलेला असेल तरच दाव्याला भाव द्या.

गोळ्यांबद्दल वर मी बरंच तिखट लिहिलं आहे, म्हणून त्याला एक अपवाद ठळकपणे नोंदवते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत, आधीच्या बाळाला मज्जानलिकेचा (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात तिचा) दोष असलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अॅसिड हे ब गटातलं जीवनसत्त्व घेतलं, तेव्हा पुढच्या बाळात तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. ही नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून बाळाचा विचार करणाऱ्या प्रत्येकीने आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यावं, आणि आधी असा दोष आढळला असेल तर जास्त मात्रेसाठी डॉक्टरांना भेटावं.